कोको मार्टिनची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखातातल्या दवाखान्यात, हॉटेलात किंवा मालवाहू जहाजावर फिलिपिनो सहकाऱ्यांसोबत काम करणाऱ्या मराठी माणसांच्या कानावर 'कार्दो' हे नाव बऱ्याचदा पडतं. हा कार्दो कोण, त्याची मालिका सात वर्षं कशी चालली आणि तोच माणूस कान महोत्सवातल्या चित्रपटांत कसा दिसतो, असे प्रश्न मग पडतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

कोको मार्टिन म्हणजे नेमका कोण?

फिलिपिन्सच्या दूरचित्रवाणीवरचा गेल्या दशकातला सर्वांत मोठा नायक. 'आंग प्रोबिन्स्यानो' या मालिकेतला कार्दो तो हाच. जन्म १ नोव्हेंबर १९८१. वाढला मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीच्या नोव्हालिचेस भागात, आजीच्या हाताखाली. शिक्षण हॉटेल व्यवस्थापनाचं. काही काळ कॅनडात अंगमेहनतीची कामंही केली. चित्रपटसृष्टीत घराण्याचा वारसा चालतो आणि फिलिपिन्समध्ये तर तो फारच चालतो, पण याच्यामागे तसं काही नव्हतं.

श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून रोदेल नासियान्सेनो हे नाव दिसतं. तो वेगळा माणूस आहे का?

नाही, तोच. रोदेल पाचेको नासियान्सेनो हे त्याचं खरं नाव. अभिनयाला 'कोको मार्टिन' आणि दिग्दर्शनाला खरं नाव, अशी विभागणी त्याने केली आहे. त्याचं काम शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर निम्मं हाती लागणार नाही.

या सवयीला तिथे परंपरा आहे. फिलिपिनो मारधाडपटांचा सम्राट फर्नांडो पो ज्युनियर, ज्याला सगळा देश 'एफपीजे' म्हणतो, तो दिग्दर्शन करताना 'रोनवाल्डो रेयेस' हे नाव लावायचा. एफपीजे कोण होता हे कळल्याशिवाय कोको मार्टिनची कारकीर्द नीट उलगडत नाही, म्हणून त्याचा उल्लेख पुढे वारंवार येईल.

सुरुवात कुठून झाली?

एबीएस-सीबीएन या वाहिनीच्या 'स्टार सर्कल' या नव्या कलाकारांच्या गटातून. तिथे गोऱ्या, उंच, मेस्तिसो म्हणजे मिश्रवंशीय चेहऱ्यांची चलती होती आणि त्या साच्यात तो बसत नव्हता. लहानसहान कामांपलीकडे फारसं काही मिळालं नाही.

खरी सुरुवात २००५ची. जाहिरात आणि कलादिग्दर्शनातून आलेले ब्रिलान्ते मेंदोसा तेव्हा पहिला चित्रपट करत होते, 'मासाहिस्ता'. मनिलातल्या मालिशघरात काम करणारा इलियाक नावाचा मुलगा, आणि गावाकडे पाम्पांगात झालेला त्याच्या वडिलांचा मृत्यू. चित्रपट या दोन जागांमध्ये ये-जा करतो. एकीकडे गिऱ्हाइकाच्या अंगावरून फिरणारे हात, दुसरीकडे वडिलांच्या मृतदेहाला कपडे चढवणारे तेच हात. लोकार्नो महोत्सवात व्हिडिओ विभागातला सुवर्ण बिबळ्या या चित्रपटाला मिळाला. इलियाक होता कोको मार्टिन.

पुढची चार वर्षं या जोडीनं लागोपाठ काम केलं: 'कालेल्दो', 'फॉस्टर चाइल्ड', 'तिरादोर', 'सेर्बिस' आणि 'किनाताय'. 'सेर्बिस' २००८मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेत होता. दिग्दर्शक लिनो ब्रोका यांच्या १९८४च्या चित्रपटानंतर तिथे पोहोचलेला तो पहिला फिलिपिनो चित्रपट. पुढच्याच वर्षी 'किनाताय'साठी मेंदोसांना कानचा सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. त्याआधी कुणाही फिलिपिनो दिग्दर्शकाला तो मिळाला नव्हता.

मेंदोसांच्या चित्रपटांत काम करणं वेगळं का मानलं जातं?

कारण तिथे नट संवाद पाठ करून येत नाही. प्रसंग काय, कोण कुठून येणार आणि शेवटी कुठे पोहोचायचं, इतकं सांगितलेलं असतं. मधली वाट नटाने शोधायची. कॅमेरा खांद्यावर, जागा खरी, गर्दीही बहुतेक वेळा खरी. 'सेर्बिस' आंहेलेस शहरातल्या एका पडीक सिनेमागृहात घडतो. त्याचं नावच 'फॅमिली', आणि आत एक कुटुंब राहतं. कोको तिथे पोस्टर रंगवणारा आलान. त्याच्या ढुंगणावर गळू झालंय. ते गळू तो ज्या रीतीनं फोडतो ते दृश्य पाहिलेला माणूस विसरत नाही.

या पद्धतीत बिघडतं काय? दोन गोष्टी. एक, अनुभवी नट गर्दीतही 'अभिनय' करू लागतो आणि शेजारून जाणाऱ्या खऱ्या माणसापुढे उघडा पडतो. दोन, खांद्यावरचा कॅमेरा नटाच्या मागे धावत असल्यामुळे चुकीच्या वेळी थांबलेला नट संपूर्ण लांबलचक शॉट वाया घालवतो. कोकोची ताकद इथे दिसते. तो चालत राहतो, ऐकत राहतो, चेहऱ्यावर फार काही आणत नाही. 'किनाताय'मध्ये तो पेपिंग आहे, गुन्हेशास्त्राचा विद्यार्थी. सकाळी त्याचं लग्न होतं. रात्री चार पैशांसाठी तो एका टोळीच्या गाडीत बसतो आणि एका बाईच्या हत्येचा साक्षीदार होतो. पडदा बराच वेळ जवळपास काळा असतो. त्या अंधारात फक्त त्याचं पाहणं उरतं. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी कानमध्ये हा चित्रपट पाहून त्याच्यावर सडकून टीका केली होती. चित्रपट असह्य आहे हे खरंच. पण पेपिंगची भीती खोटी वाटत नाही, आणि ते श्रेय नटाचं आहे.

हे चित्रपट घरच्यांसोबत पाहता येतील का?

नाही. 'मासाहिस्ता' आणि 'सेर्बिस'मध्ये उघड लैंगिक दृश्यं आहेत, 'किनाताय'मध्ये टोकाची हिंसा. फक्त प्रौढांनी पाहावेत. 'फॉस्टर चाइल्ड' मात्र कुणालाही दाखवता येतो. दत्तक जाईपर्यंत एका मुलाला सांभाळणाऱ्या गरीब बाईची ती गोष्ट आहे. कोकोचं काम त्यात छोटं आहे.

एकच पाहायचा असेल तर 'तिरादोर' पाहा. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातलं मनिलाचं क्यापो, तिथली झोपडपट्टी, भुरटे चोर, पोलिसांची धाड आणि निवडणुकीच्या सभा. 'तिरादोर' म्हणजे गलोल, आणि गल्लीच्या बोलीत भुरटा चोर. २००८च्या बर्लिन महोत्सवात त्याला कालिगारी पारितोषिक मिळालं. क्यापो हे नाव लक्षात ठेवा.

तो दूरचित्रवाणीकडे कधी वळला? कलात्मक चित्रपट सोडून 'धंद्याकडे' गेला असं म्हणतात ते खरं का?

तारखा पाहिल्या तर हे म्हणणं टिकत नाही. 'तायोंग दालावा', म्हणजे 'आपण दोघं', ही मालिका जानेवारी २००९मध्ये सुरू झाली. मे २००९मध्ये 'किनाताय' कानला दाखवला गेला. एकाच वर्षी तो संध्याकाळी घराघरांत दिसत होता आणि कानच्या पडद्यावरही. मालिकेत नायक दुसरेच होते, जेराल्ड अँडरसन आणि जेक क्वेन्का. कोकोचा रामोन हे तिसरं, आडबाजूचं पात्र. प्रेक्षकांनी त्यालाच उचलून धरलं.

त्यानंतरची चढण भराभर झाली. २०१०मध्ये 'कुंग तायोय माग्काकालायो'. २०११मध्ये 'मिन्सान लांग किता इइबिगिन', त्यात जुळ्या भावांची दुहेरी भूमिका. २०१२मध्ये हुलिया मोंतेससोबत 'वालांग हांगान', म्हणजे 'अंत नसलेलं'. २०१३मध्ये 'हुआन देला क्रूझ', ज्यात तो आस्वांग या रक्तपिपासू भुतांशी लढतो. आपल्याकडे 'सामान्य माणूस' म्हणतात, तिथे त्याला हुआन देला क्रूझ म्हणतात. २०१४मध्ये किम च्यूसोबत 'इकाव लामांग'. मध्येच 'नोय' हा चित्रपट. अध्यक्षपदाच्या खऱ्या प्रचारदौऱ्यात गुंफलेली ती काल्पनिक गोष्ट फिलिपिन्सने त्या वर्षी ऑस्करसाठी पाठवली होती.

रस्त्यावर शिकलेलं त्याने स्टुडिओत नेलं, इतकंच. आवाज न चढवता बोलणं आणि रडण्याआधी थांबणं तिथल्या मालिकांना नवं होतं.

तेलेसेर्ये म्हणजे आपल्या रोजच्या मालिकांसारखंच ना?

बरंचसं तसंच. सोमवार ते शुक्रवार रात्रीच्या बातम्यांनंतर रोज एक भाग. पवित्र आठवड्यात गुरुवारी आणि शुक्रवारी नेहमीच्या मालिका बंद. फरक दोन. पहिला, बहुतेक तेलेसेर्ये काही महिन्यांत संपतात, वर्षानुवर्षं चालणं हा अपवाद. दुसरा, कलाकार वाहिनीशी बांधलेले असतात. एबीएस-सीबीएनचे ते 'कापामिल्या', जीएमएचे 'कापुसो', टीव्ही ५चे 'कापातिद'. एका घरातून दुसऱ्या घरात जाणं ही पहिल्या पानाची बातमी होते.

'आंग प्रोबिन्स्यानो'ची गोष्ट काय आहे?

नाव 'गावाकडचा' या अर्थाचं. नव्वदीच्या दशकातल्या एफपीजेच्या त्याच नावाच्या चित्रपटावरून मालिका बेतली. रिकार्दो दालिसाय, म्हणजे कार्दो, आणि आदोर हे जुळे भाऊ. दोघंही पोलीस. एक साम्बालेस प्रांतातल्या बोतोलानमध्ये आजीजवळ वाढलेला, दुसरा शहरात. मानवी तस्करीचा माग काढताना आदोर मारला जातो आणि त्याचं मरण लपवून कार्दो त्याच्या जागी उभा राहतो: त्याच्या घरात, त्याच्या कचेरीत. मारेकरी शेजारच्याच टेबलावर बसलेला असतो. पहिले काही आठवडे मालिका या एका तणावावर चालते आणि उत्तम चालते.

आजी लोला फ्लोराची भूमिका सुसान रोसेस यांनी केली. त्या एफपीजेच्या पत्नी. नवऱ्याच्या चित्रपटावरच्या मालिकेत त्या जवळपास शेवटपर्यंत होत्या. मे २०२२मध्ये त्यांचं निधन झालं, मालिका संपायच्या तीन महिने आधी.

ठरलेल्या काही महिन्यांऐवजी ती सात वर्षं कशी चालली?

२८ सप्टेंबर २०१५ला सुरू झाली, १२ ऑगस्ट २०२२ला संपली, एकूण १,६९६ भाग. यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे.

एक, गोष्ट टप्प्याटप्प्यानं बदलत गेली. आधी तस्करांची टोळी, मग अमली पदार्थ, मग तुरुंग, मग डोंगरातले बंडखोर, मग थेट राष्ट्राध्यक्षांचा वाडा. प्रत्येक टप्प्याला नवा खलनायक, नवी जागा, नवा चमू. जुने खलनायक मरत, पण सगळे एकदम नव्हे. एखादा पुढच्या टप्प्यात राहायचा, म्हणजे मागचं वैर संपत नसे. जॉन आर्सियांचा रेनातो इपोलितो असा वर्षानुवर्षं टिकला. याच आर्सियांना २०२१मध्ये व्हेनिसला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा व्होल्पी चषक मिळाला, दुसऱ्या चित्रपटासाठी. रोजच्या मालिकेतला खलनायक असला की नट हलका, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दोन, जुन्या कलाकारांना काम. एडी गार्सिया, हाइमे फाब्रेगास, लितो लापिद, तिर्सो क्रूझ तिसरे, एदु मान्सानो, रोवेल सान्तियागो अशी नावं मोठ्या संख्येनं आली. मारधाडपटांचा काळ सरल्यावर घरी बसलेले सहकलाकार, स्टंटवाले, विनोदवीर पुन्हा सेटवर दिसू लागले. यात दयाबुद्धी होतीच, पण हिशेबही होता. आजोबा लापिदसाठी, आई सान्तियागोसाठी, नातू कार्दोसाठी टीव्हीसमोर बसायचा. एका घरात तीन पिढ्यांचं कारण तयार.

तीन, मारामारी. इतर वाहिन्या प्रेमकथा आणि सवतीमत्सरात असताना रात्री आठच्या सुमारास गोळीबार आणि पाठलाग फक्त इथे होता. पुरुष प्रेक्षक परत आला.

आता बिघडलेलं. इतक्या लांब पल्ल्यात कार्दो मरत नाही हे सगळ्यांना कळतं, मग गोळीबाराची धार जाते. बायकांची पात्रं ओलीस धरली जाण्यापुरती उरतात. शेवटच्या वर्षांत एकच पाठलाग आठवडाभर ताणला गेलाय. आणि अमली पदार्थांविरुद्धच्या सरकारी मोहिमेत खरोखरची माणसं मारली जात असलेल्या काळात बंदूकधारी पोलीस नायक रोज रात्री दाखवणं, हा प्रश्न मालिकेला शेवटपर्यंत चिकटून राहिला. मालिकेनं भ्रष्ट पोलीसही दाखवले, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

जुळ्या भावांची दृश्यं कशी घेतात?

तीन साध्या युक्त्या. पाठमोरा बदली नट उभा करून एकाचा चेहरा घ्यायचा, मग कपडे बदलून उलट. दोघं एकाच चौकटीत हवे असतील तर कॅमेरा घट्ट बसवून, न हलवता, दोनदा चित्रीकरण करून चौकटीचे दोन अर्धे जोडायचे. आणि शक्य तितक्या लवकर एकाला मारून टाकायचं, कारण रोजच्या मालिकेत हे काम दुप्पट वेळ खातं. चूक होते ती नजरेत. नट समोरच्या रिकाम्या जागेकडे बघताना उंची चुकवतो आणि दोन भाऊ एकमेकांच्या कानांशी बोलताना दिसतात.

रोजच्या चित्रीकरणात सर्वांत मोठी अडचण कोणती?

वेळ. तिथे चित्रपटाचं 'शूटिंग' आणि मालिकेचं 'टेपिंग' असे शब्द वेगळे वापरतात. टेपिंगमध्ये हातात साठवलेले भाग थोडे असतात. प्रेक्षकांचा कल बघून कथा बदलता यावी म्हणून ते मुद्दाम थोडे ठेवतात. याची किंमत रात्रपाळीनं मोजावी लागते. उशिरा हाती आलेली संहिता, चित्रीकरणाची बदललेली जागा, पाऊस, आणि पहाटेपर्यंत चाललेलं काम.

८ जून २०१९ रोजी एडी गार्सिया दुसऱ्या एका मालिकेच्या चित्रीकरणात तोंदो भागात वायरला अडखळून पडले. मान मोडली. जागेवर वैद्यकीय पथक नव्हतं. २० जूनला ते गेले, वयाच्या ९०व्या वर्षी. या घटनेनंतर पाच वर्षांनी, मे २०२४मध्ये, प्रजासत्ताक कायदा क्रमांक ११९९६ आला. लोक त्याला 'एडी गार्सिया कायदा' म्हणतात. त्यात कामाचा दिवस ८ तासांचा, फार तर १४ तासांपर्यंत वाढवता येणारा, आणि आठवड्याची मर्यादा ६० तासांची. लेखी करार आणि सेटवरच्या सुरक्षेची जबाबदारीही त्यात आहे. बालकलाकारांसाठीचा नियम जुना आणि अधिक कडक आहे: १५ वर्षांखालच्या मुलाला दिवसाला ४ आणि आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम नाही, रात्री ८ ते सकाळी ६ अजिबात नाही. 'आंग प्रोबिन्स्यानो'तला ओन्योक हा लहान मुलगा दृश्यांत अचानक दिसेनासा व्हायचा, त्यामागे असा हिशेब असू शकतो हे लक्षात घ्या.

पोलीस खातं मालिकेवर का चिडलं होतं?

नोव्हेंबर २०१८मध्ये तेव्हाचे पोलीसप्रमुख ओस्कार आल्बायाल्दे यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मालिकेत पोलीसप्रमुखच गुन्हेगार दाखवला होता आणि नायक वर्दी सोडून डोंगरात गेला होता. गृहखात्यानं कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. मग बोलणी झाली आणि मालिका चालू राहिली. सुरुवातीला पोलिसांची वाहनं, गणवेश आणि जागा वापरायला मिळत. अशी मदत घेणाऱ्या कुठल्याही मालिकेवर पुढे असा दबाव येऊ शकतो, हे या प्रकरणात उघड दिसलं.

२०२०मध्ये वाहिनी बंद झाली तेव्हा मालिका कशी टिकली?

महामारीमुळे मार्चमध्ये टेपिंग थांबलं. ४ मेला एबीएस-सीबीएनचा प्रक्षेपण परवाना संपला, ५ मेला दूरसंचार आयोगाच्या आदेशानं वाहिनी बंद झाली आणि १० जुलैला संसदेच्या समितीनं ७० विरुद्ध ११ मतांनी नवा परवाना नाकारला. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. कोको त्या दिवसांत अतिशय तिखट शब्दांत, उघडपणे बोलला. त्या राजकीय वातावरणात ते सोपं नव्हतं.

मालिका जूनमध्ये केबलवरच्या 'कापामिल्या चॅनेल'वर परतली. ऑक्टोबरपासून 'ए२झेड' वाहिनीवर भाड्यानं घेतलेल्या वेळेत, मार्च २०२१पासून टीव्ही ५वर, म्हणजे एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरात, आणि सोबतीला इंटरनेटवर. ज्यांच्याकडे केबल नाही असे खेड्यातले प्रेक्षक मधल्या काळात तुटले, हे नुकसान मात्र भरून आलं नाही.

चित्रीकरणाची रीतही बदलली. 'लॉक-इन टेपिंग' आलं: सगळा चमू चाचणी करून एका ठिकाणी आठवडेच्या आठवडे राहायचा, बाहेर जायचं नाही. याचा कथेवर झालेला परिणाम पडद्यावर दिसतो. माणसं कमी, मोकळी माळरानं जास्त, एकाच इमारतीत रेंगाळणारे प्रसंग.

त्याचे व्यावसायिक चित्रपट बहुतेक डिसेंबरातच का येतात?

कारण मेट्रो मनिला चित्रपट महोत्सव, म्हणजे एमएमएफएफ. १९७५पासूनचा हा महोत्सव २५ डिसेंबरला सुरू होतो आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास संपतो. त्या काळात देशभरातल्या चित्रपटगृहांत जवळपास फक्त निवडलेले फिलिपिनो चित्रपट असतात, हॉलिवूडला रजा. आधी साधारण ८ चित्रपट निवडले जायचे, अलीकडे १०ही झाले आहेत. काही नुसत्या संहितेवर, उरलेले पूर्ण चित्रपट पाहून. मग कलाकारांची सजवलेल्या रथांवरून मिरवणूक, ख्रिसमसला प्रदर्शन आणि दोन-तीन दिवसांत पुरस्काररात्र. मुलांच्या हातात नाताळचे पैसे असतात आणि अख्खं कुटुंब बाहेर पडतं.

धोका असा की पहिल्या दोन दिवसांत गल्ला कमी पडला तर चित्रपटगृहवाले पडदे काढून घेतात आणि चांगला पण संथ चित्रपट तिथेच मरतो. म्हणून निर्माते ओळखीचे चेहरे एकत्र आणतात. कोकोचे 'ब्युटी अँड द बेस्टी' हा व्हाइस गान्दासोबतचा २०१५चा, 'जॅक एम पोपोय' हा विक सोत्तो आणि मेन मेंदोसासोबतचा २०१८चा, ही त्याची नमुनेदार उदाहरणं. दुसऱ्या वाहिनीच्या घरातले कलाकार टीव्हीवर एकत्र दिसणं अशक्य, चित्रपटात मात्र चालतं.

दिग्दर्शक म्हणून तो कसा आहे?

पहिला चित्रपट २०१७चा 'आंग पान्दाय', म्हणजे लोहार. चित्रकथेतलं जुनं पात्र, एफपीजेनं अजरामर केलेलं. कोकोनं स्वतःची सीसीएम फिल्म प्रॉडक्शन्स ही संस्था काढून तो केला. दृश्यचमत्कारांवर भर होता आणि तिथेच चित्रपट ढिला पडतो. माणसांची गर्दी, बाजार, कोपऱ्यावरचं भांडण हे तो झकास टिपतो, जादूची तलवार आली की पकड सुटते. २०१९चा 'थ्रीपोल ट्रोबोल' विनोदी आहे, हलका आहे, विसरण्यासारखा आहे. मालिकांमधलं त्याचं दिग्दर्शन यापेक्षा पुष्कळ सरस.

'बातांग क्यापो' पाहावी का?

जरूर, निदान पहिले पन्नास भाग. १३ फेब्रुवारी २०२३ला सुरू झालेली ही मालिकाही एफपीजेच्याच चित्रपटावरून, १९८६च्या. नायक तांगोल, क्यापोच्या गल्ल्यांत वाढलेला, हात लांब असलेला, आईच्या मायेला आसुसलेला. आई झाल्यात चेरी पाय पिकाचे, आजी चारो सान्तोस-कोन्सियो. सुरुवातीच्या भागांतली लवी पो ही एफपीजेची मुलगी.

क्यापो म्हणजे काळ्या नाझरेथकर येशूचं देऊळ. ९ जानेवारीला तिथे लाखोंची गर्दी लोटते. देवळाबाहेर मेणबत्त्या, जडीबुटी, ताईत विकणाऱ्या बायका, आणि पलीकडे मशीद असलेली वस्ती. सुरुवातीच्या एका दृश्यावर मुस्लिम समाजानं आक्षेप घेतला होता आणि निर्मात्यांनी माफी मागितली. 'तिरादोर'मध्ये याच गल्ल्यांत कोको चोर होऊन धावला होता. सोळा वर्षांनी तो तिथेच कॅमेरा घेऊन परतला, या वेळी स्वतः दिग्दर्शक म्हणूनही. दोन्ही एकापाठोपाठ पाहिले तर त्याची चाल तीच आहे हे दिसेल. फरक एवढाच की आता लोक त्याला ओळखतात आणि खऱ्या गर्दीत चित्रीकरण करणं त्यामुळेच अवघड झालंय.

तो राजकारणात जाणार का?

स्वतः त्याने निवडणूक लढवलेली नाही. प्रश्न मात्र स्वाभाविक आहे. नट जोसेफ एस्त्रादा राष्ट्राध्यक्ष झाले, एफपीजे २००४ची निवडणूक हरला आणि त्याच डिसेंबरात वारला, लापिद सिनेटर आहेत. तिथल्या निवडणूक कायद्यानुसार उमेदवार झालेल्या कलाकाराला प्रचारकाळात पडद्यावरून दूर व्हावं लागतं. म्हणूनच २०१९च्या निवडणुकीआधी लापिद मालिकेतून बाहेर गेले. एखादं लाडकं पात्र निवडणुकीच्या तोंडावर 'मोहिमेवर' निघून गेलं की कारण बहुधा हेच असतं.

१,६९६ भाग पाहणं शक्य नाही. काय करू?

भाग सरासरी अर्ध्या तासाचा धरला तरी ८४८ तास होतात. रोज दोन तास पाहिलेत तर ४२४ दिवस. करू नका. पहिले चार आठवडे पाहा, म्हणजे अदलाबदलीचा भाग. मग थेट २०१८चा डोंगरातला टप्पा, जिथे लापिदांचा प्रवेश होतो. मग शेवटचा आठवडा. मधलं काय घडलं ते एखाद्या फिलिपिनो सहकाऱ्याला विचारा, जेवणाची सुट्टी पुरणार नाही.

एबीएस-सीबीएनच्या मनोरंजन विभागाची अधिकृत यूट्यूब वाहिनी आणि त्यांचं स्वतःचं ॲप ही पहिली ठिकाणं. देशानुसार काही भाग उघडत नाहीत, त्यामुळे भारतात आणि आखातात यादी वेगळी दिसेल. पैसे भरण्याआधी उपशीर्षकं आहेत का ते तपासा. जुन्या भागांना बऱ्याचदा नसतात, आणि यूट्यूबची आपोआप तयार होणारी उपशीर्षकं तागालोग आणि इंग्रजीची सरमिसळ ऐकून गोंधळतात. संवाद कळला नाही तरी वाक्याच्या शेवटी येणारं 'पो' ऐकत राहा. ते आपल्या 'अहो-जाहो'सारखं आदराचं अव्यय आहे. कार्दो आजीशी कायम ते वापरतो. तांगोल ते कुणाशी वापरतो आणि कुणाशी गाळतो, यावर नीट कान ठेवलात तर त्या घरातली अर्धी भांडणं भाषा न येताही समजतात.